गुलाबी शिवण

कचरूअण्णांनी मला खोली भाड्याने देताना आधी माझा चेहरा पाहिला, मग आधारकार्डावरचा फोटो पाहिला, मग पुन्हा चेहरा. असं तीनदा झालं.

"फोटोतला माणूस बारीक हाय," ते म्हणाले.

"मेसच्या जेवणाने सुटलो, अण्णा."

"मेसच्या जेवणानं माणूस वाळतो. सुटत न्हाई."

खोली मिळाली, पण पुढचे दोन महिने ते मला 'कल्याणराव' म्हणत होते. मला वाटायचं, मान देतात. चतुराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा जिन्यात हळूच सांगितलं, "ते ज्याला राव लावतात ना, त्याच्यावर त्यांचा इस्वास बसलेला नसतो. मलाबी लग्नानंतर वरीसभर अहोजाहो करायचे."

अण्णा मूळचे हसनाबादचे. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं उगवणीच्या खोलीत काढली. काम असं, की लॉटमधले शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, कागदाची गुंडाळी करून ठेवायची, आणि चौथ्या व सातव्या दिवशी उघडून किती उगवले ते लिहायचं. शंभरातले ब्याण्णव उगवले, की कंपनीच्या लेखी लॉट पास. अण्णांच्या लेखी आठ दाण्यांनी दगा दिलेला असायचा. एकतीस वर्षं रोज त्या आठांचाच विचार केलेला माणूस निवृत्त झाल्यावर एकदम सुधारत नाही. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते पाहिल्याशिवाय दूध घरात येत नसे. शेजारच्यांनी दिलेली कैरी ते आधी कापून, मग हुंगून, मग 'आपल्याला का दिली असंल' याचा विचार करून खात. मुलीच्या लग्नाआधी जावयाचा पगार खरा आहे का हे विचारायला त्यांनी पुण्याला त्याच्या ऑफिसात फोन केला होता. ते समजण्यासारखं आहे. लग्नानंतर चार महिन्यांनी पुन्हा केला, ते नाही. तेव्हापासून शीतल दिवाळीला दोनच दिवस माहेरी येते, आणि दोनच दिवस का येते याचाही अण्णांना संशय आहे.

या सगळ्यातून सुटलेला माणूस एकच होता, नव्या मोंढ्यातले धान्याचे व्यापारी राधेश्यामशेठ. अण्णा रोज सकाळी अकराला त्यांच्या दुकानात चहाला जात. सुटलेला म्हणजे काय, तर तिथेही ते बाही कोपराच्या वर सारून पोत्यात हात घालायचे आणि तळाचे दाणे काढून बघायचेच. पण शेठ हसायचे.

"कचऱ्या, तळाशी काय माझं मरण ठेवलंय का रे?"

"वरचे दाणे सगळ्याचेच चांगले असतात, शेठ."

चाळीस वर्षं हा संवाद असाच चालू होता. आणि गंमत अशी, की त्याचा फायदा शेठलाच व्हायचा. कचरूने हात घातलेलं पोतं मोंढ्यात आधी संपायचं. बायाबापड्या विचारायच्या, "कचरूभाऊनी बघितलं का हे?" बघितलं म्हटलं की पिशवी पुढे करायच्या.

आता माझं. मी वडीगोद्रीचा, इथे एका सळयांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, आणि रविवारी घरी बिअर करायचो. आपल्याकडे त्याला परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. हे बढाई म्हणून सांगत नाही, लपवायचं नाही म्हणून सांगतो. पुण्यात एका मित्राकडून शिकलो. बाहेरचं तयार सामान न आणता दाण्यापासून सगळं आपणच करायचं, ही त्यातली खरी मजा. जव भिजवायचे, कोंब आणायचे, वाळवायचे, हलके भाजायचे, गिरणीतून भरडून आणायचे, आणि तो भरडा गरम पाण्यात तासभर मुरवायचा. पाणी गोड होतं. त्या गोड पाण्याचीच पुढे बिअर होते. मुरवायला मी नवाच एक जार घेतला होता, लग्नात थंड पाणी ठेवतात तसला, वीस लिटरचा, तोटीवाला. जे गार ठेवतं, ते गरमही ठेवतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी गच्चीवर ओल्या गोणपाटावर कोंब आलेले जव पसरून बसलो होतो. अण्णा पायऱ्यांवर आवाज न करता वर आले. चपला खाली काढून आले होते, यावरूनच मी काय ते ओळखलं.

"काय करून राह्यले, कल्याणराव?"

"जव भिजवलेत, अण्णा. आंबिलीला."

ते उकिडवे बसले आणि मोजू लागले. शंभर मोजल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही.

"चौऱ्याण्णव. कुठून आणले?"

"राधेश्यामशेठकडून."

चेहरा जरा सैल झाला. पण लगेच पुन्हा आवळला. "आंबिलीला कोंब कशाला लागतात?"

मी खोटं बोलण्यात कच्चा आहे. सगळं सांगून टाकलं आणि मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. अण्णा बराच वेळ एक दाणा चिमटीत धरून बघत राहिले.

"कोंब किती वाढू देतो?"

"दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत."

"आन मंग आतल्या पिठाची साखर होती?"

"गरम पाण्यात तासभर ठेवलं की होते."

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, "मी उगवलेलं मोजलं आन फेकून दिलं. आत काय झालं ते कंदी बघितलंच न्हाई."

त्या दिवसापासून मी 'कल्याण' झालो. अट एकच होती. ते चाखणार नाहीत, फक्त बघणार. दुसऱ्या दिवसापासून कोंब कधी थांबवायचे हे तेच ठरवू लागले, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं ठरवू लागले.

पहिल्या खेपेला जारने आमची जिरवली. तासाभराने तोटी उघडली तर चार थेंब आले आणि बंद. भरडा तोटीत जाऊन बसला होता. अण्णांनी तोटीकडे असं पाहिलं, की जणू तिला कोणीतरी फितवलं आहे. शेवटी आम्ही पळीने गोड पाणी उपसलं, अर्धं सांडलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"पिशवी न्हाई का लावायची आत?" त्या म्हणाल्या. "चक्का काय आपण उघडा टांगतो?"

बरोबर होतं. जारच्या तळापर्यंत जाणारी आणि तोंडावर उलटी दुमडून बसणारी पिशवी लावली, की भरडा आत राहणार आणि पाणी मोकळं वाहणार. मी ऑनलाइन मागवतो म्हणालो, तर अण्णांना ते पटेना. कुठल्या कापडाची असेल, कोणी शिवली असेल. त्यांनी आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी ओढली. आत कंपनीच्या नमुन्याच्या पिशव्या होत्या. पांढऱ्या, विरळ विणीच्या, किलोभराच्या, तोंडाला नाडी असलेल्या. कंपनी वापरून झालेल्या पिशव्या टाकून द्यायची, आणि अण्णा त्यातल्या निवडून घरी आणायचे. या घरात चक्का त्यातच टांगला जाई, मसाला त्यातच बांधला जाई.

"बिलकुल कोऱ्या दाण्याच्या हायेत," अण्णा म्हणाले. "औषध लावलेल्या बियाण्याची एकबी न्हाई. म्या एकेक बघून आणली."

पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावतात, आणि चुकून कोणी खाऊ नये म्हणून त्यात गडद गुलाबी रंग घालतात. जालन्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काकूंनी आठ पिशव्या उसवल्या, जोडल्या आणि मशीनवर दोन तासांत जारच्या मापाची एक मोठी पिशवी शिवून दिली. शिवण अशी, की अण्णांनी तीन ठिकाणी ओढून पाहिली आणि त्यांना बोलायला काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी पिशवी थंड पाण्यातून काढून जारमध्ये लावली. अडुसष्ट अंशाचं पाणी घातलं, भरडा घातला, ढवळला, झाकण लावलं. अण्णा तासभर घड्याळ हातात धरून समोर बसले. तोटी उघडली आणि सोनेरी धार लागली. अण्णा चक्क हसले. मी पातेलं सरकवलं. अर्धं भरलं असेल, तेवढ्यात धारेचा रंग बदलला. आधी वाटलं, ऊन पडलंय. मग वाटलं, जव जास्त भाजले गेले.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी वर उचलली. एका बाजूला कापडावर हाताएवढा गुलाबी डाग होता आणि त्याला चिकटलेला भरडाही गुलाबी झाला होता.

"ह्यो रंग म्या झोपेतबी ओळखीन," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. "धुतलेलं बियाणं हाय हे. उरलेलं बियाणं धुवायचं आन खायच्या दाण्यात मिसळायचं. म्या बघितलं म्हणून लोक माल घेतात. ह्याच्यासाठीच शेठनं मला ठेवलं व्हय."

त्यांनी गुलाबी भरडा मुठीत घेतला, हातरुमालात बांधला आणि लुना काढली. मी मागे बसलो. वाटेत मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, की अण्णा, आपण जव दोन दिवस भिजवले, चारदा पाणी बदललं, ते पाणी गुलाबी आलं नव्हतं.

"धुणारे लई हुशार असतात," ते म्हणाले आणि लुना आणखी दामटली.

मोंढ्यात रविवारची गर्दी होती. शेठ एका बाईला बाजरी मोजून देत होते. अण्णांनी रुमाल त्यांच्या गादीवर उघडला.

"हे काय हाय, शेठ?"

शेठनी चष्मा लावून पाहिलं. "बियाण्याचं औषध दिसतंय. कुठून आणलंस?"

"तुमच्या दुकानातून. तुमच्या जवातून निघालं. चाळीस वर्षं तुमच्या पोत्यात हात घातला, आन तुम्ही हात पोचत न्हाई तिथं ठेवलं."

बाजरी घेणाऱ्या बाईने आपली पिशवी हळूच मागे ओढली. तिच्या मागच्या दोघीही निघून गेल्या. शेठचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ओरडतील, हमालांना बोलावतील. ते एवढंच म्हणाले, "कचऱ्या, तू विचारायला आला असतास, तर मी पोतं उपडं केलं असतं. तू तर सांगायला आलास."

आणि त्यांनी खरंच हमालाकडून जवाचं पोतं सगळ्यांसमोर उपडं करून घेतलं. पिवळे, स्वच्छ दाणे. अण्णांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हे दुसरं पोतं असंल." मग आम्ही परत आलो. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मला त्यांचा मनापासून राग येत होता.

घरी काकूंनी काय झालं ते माझ्या तोंडून ऐकलं. त्यांनी स्टीलचे दोन पेले जमिनीवर मांडले. एकात पोत्यातले उरलेले कोरे जव घातले. दुसऱ्यात पिशवीचा डाग पडलेला कोपरा घातला. दोन्हींत उकळतं पाणी ओतलं आणि अण्णांना पाटावर बसवलं.

"तुमचीच पद्धत हाय," त्या म्हणाल्या. "बघा."

दहा मिनिटांत जवाच्या पेल्यात पाणी जरा पिवळसर झालं. दुसऱ्यातलं लाल गुलाबी झालं होतं. अण्णा दोन्ही पेल्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. माझ्या आधारकार्डाकडे पाहिलं होतं तसंच, तीनदा.

"पिशवी थंड पाण्यानं रोज धुतली जायची," काकू म्हणाल्या. "रंग शिवणीत दडला व्हता. कढत पाण्यानं सुटला."

"माझ्या पिशव्या कोऱ्या व्हत्या," अण्णा म्हणाले. "राजानंदनं घुसवली असंल एखादी. कंपनीत तो माझ्याच टेबलावर बसायचा. त्याचा माझ्यावर राग व्हता."

काकूंनी कात्री घेतली आणि डागाजवळची शिवण उसवली. पिशव्या जोडताना न उघडलेली जुनी घडी उघडली. आत, दुमडलेल्या काठावर, न पुसणाऱ्या काळ्या शाईने लॉटचा नंबर होता, आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'औषध लावलेला'. अक्षर टपोरं, उजवीकडे कललेलं. घरातल्या मसाल्याच्या डब्यांवर तेच अक्षर होतं.

"राजानंदचं अक्षर हाय का हे?" काकूंनी विचारलं.

अण्णांनी पिशवी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि पुन्हा खाली ठेवली. मग स्वतःच्या हातांकडे बघत बसले. काकूंनी पेटीतल्या बाकीच्या पिशव्या आणल्या आणि एकेकीचा काठ उलगडायला घेतला. बहुतेक कोऱ्या होत्या. आणखी दोन निघाल्या. त्यातली एक फार वापरलेली होती, धुऊन धुऊन जाळी झालेली. काकूंनी ती उजेडात धरली.

"शीतल नऊ महिन्यांची व्हती," त्या म्हणाल्या, "तवा तिचं नाचणीचं सत्त्व म्या ह्यातच गाळायची. तुम्हीच आणून दिल्ती. बाजारातल्या कापडाचा तुमाला भरवसा नव्हता."

आता त्या रडत होत्या. एवढ्या वर्षांत काही झालं नाही, म्हणजे बरंच धुऊन गेलं असणार, असं मी काहीतरी बोललो. ते कोणी ऐकलं नाही. अण्णांनी फोन उचलला आणि शीतलला लावला.

"पोटाचं काही हाय का तुला? लहानपणापासून कंदी काही त्रास?"

स्पीकरवर शीतलचा आवाज आला. "पप्पा, आता कशाचा संशय आलाय तुम्हाला?"

"माझाच," अण्णा म्हणाले, आणि तिला काही कळायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

जारमधलं सगळं मी परसात खोल खड्डा करून पुरलं, पिशव्याही पुरल्या. जार टाकून दिला. त्यानंतर मी बिअर केली नाही, आणि ते काही परवान्याच्या भीतीने नव्हे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अण्णा मोंढ्यात गेले. मला सोबत चल म्हणाले, मी अर्धा दिवस रजा टाकली. एकट्याने जायची त्यांना लाज वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. अण्णा गादीपुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, काही न गाळता बोलले. पिशवी माझी होती. अक्षर माझं होतं. शेठच्या मालात काही नव्हतं. मी खोटा आळ घेतला. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला.

शेठ ऐकत होते. त्यांनी मान हलवली, चहा सांगितला, गादीवर जागा करून दिली. म्हणाले, झालं ते झालं. काल गेलेली बाजरीवाली बाई आज परत आली होती आणि एका नव्या पोत्याकडे बघत उभी होती.

"कचरूभाऊंनी बघितलं का हे?" तिने विचारलं.

अण्णा सवयीने उठले. बाही कोपराच्या वर सारली आणि पोत्याकडे वाकले.

"कचरूराव," शेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट थोडा संकोच होता. "आधी जरा हात धुऊन घ्या."

अण्णा तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले. दुकानाच्या मागे नळ आहे, तिथे गेले. साबण मागून घेतला. मी बघत होतो, त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, नखं एकमेकांवर घासली, मग पुन्हा पहिल्यापासून धुतले. परत आले ते ओले हात पुढे धरून, आणि शेठसमोर उभे राहून त्यांनी तळवे उलटेपालटे करून दाखवले.

शेठनी बघितलं, आणि मानेने पोत्याकडे खूण केली. पण अण्णांनी पोत्यात हात घातला नाही. बाही खाली ओढली, बटण लावलं आणि चहा प्यायला बसले. आता ते रोज जातात, अकराला जातात, चहा घेतात. शेठ त्यांना अजून कचरूरावच म्हणतात.